दुष्ट मंडळातल्या रत्नाकाकू

७ जानेवारी, मंगळवार

आमच्या 'दुष्ट मंडळ' कॉमिकचा नवा भाग आज ऑनलाइन टाकला. महाभयंकरने जगाचा नाश करणारं यंत्र सुरू केलं आणि फ्यूज उडाला. चाचपडत मीटरच्या खोलीपर्यंत गेला, तर कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी लोणावळ्याला. शेवटच्या चौकटीत जग सुखरूप, महाभयंकर जिन्यात बसून टोपीने वारा घेतोय.

लोक हसतायत. स्टुडिओतली नोकरी सोडल्यापासून आज पहिल्यांदा सकाळी उठून नोकरीच्या जाहिराती बघितल्या नाहीत.

धम्मपाल लिहितो, मी काढते. तो पवईच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन व्हॉइस नोट पाठवतो, सगळ्यांचे आवाज स्वतः काढून. मी मुलुंडला पलंगावर पडून ऐकते आणि लग्नपत्रिकांच्या मागे कच्च्या चौकटी पाडते. मग टॅबलेट. अक्षरं मात्र हातानेच, कारण फॉन्टमध्ये 'दुष्ट मंडळ'मधला 'ष्ट' तुटतो आणि नावातच खलनायकांची वाट लागते.

आईने मागून डोकावून विचारलं, "हो काळो कोण गो? तुझ्या बापाशीसारखो दिसता."

नाक बाबांचंच आहे, कबूल.

११ जानेवारी, शनिवार

किरण नावाच्या कुणीतरी मोठा मेसेज केलाय. प्रोफाइलवर फोटो नाही, फक्त एक कुंडी. मुलगी असावी. म्हणते, महाभयंकर जगाच्या मागे कशाला लागतो? आधी त्याला प्रयोगशाळेला जागा तरी हवी. समजा त्याच्याच इमारतीत एक म्हातारी एकटी राहते, आणि तिची खोली त्याला हवी आहे. मारामारी नाही, जोरजबरदस्ती नाही. रोज एक छोटीशी खोडी. बेल वाजवून लपायचं. चपलांची जागा बदलायची. नाव ठेवा रत्नाकाकू.

मी एकटीच हसत बसले. जग जिंकायला निघालेला माणूस म्हातारीच्या चपला उलट्या करतोय! धम्मपाललाही आवडलं. "झकास आहे यार. पण दर वेळी काकू जिंकल्या पाहिजेत, आणि त्यांना कळताही कामा नये की आपण जिंकलो."

असंच करायचं ठरलं.

१९ जानेवारी, रविवार

रत्नाकाकू हिट. चपला उलट्या ठेवल्या तर त्यांनी तशाच घातल्या आणि म्हणाल्या, "आज गुडघा कसा दुखत नाही गं बाई!" महाभयंकर हताश. लोकांनी तो भाग आपापल्या आज्यांना पाठवला.

किरण रोज काहीतरी कळवते. काकू दाराच्या कडीला दुधाची पिशवी लावतात, आणि दूध आत घेतल्यावर पुडे दोनदा मोजतात. झोपण्याआधी चष्मा देव्हाऱ्यापाशी ठेवतात, कारण सकाळी पहिलं दर्शन देवाचं हवं. हे कोणी कल्पनेने सुचवू शकत नाही. मी स्टुडिओत तीन वर्षं बसून असं एक माणूस रंगवू शकले नव्हते. विचारलं, "ही कोण, तुझी आजी?" उत्तर आलं, "घरातलीच."

२ फेब्रुवारी, रविवार

अंधेरीच्या कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात आम्हाला टेबल मिळालं होतं. स्टिकर संपले. दुपारी एक माणूस आला, चाळिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. रांगेत कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभा होता.

"मी किरण," तो म्हणाला.

मी हसलेच. "अय्या, मला वाटलं मुलगी आहे!"

"सगळ्यांना वाटतं." तोही हसला. मग काकूंचं स्टिकर उचलून बराच वेळ बघत राहिला. "चष्मा बरोबर आलाय. फक्त त्या इतक्या हसत नाहीत."

धम्मपालने विचारलं, "तुम्हाला कोण जास्त आवडतं, काकू की महाभयंकर?"

"महाभयंकर. पण तुम्ही त्याला मूर्ख का करता?"

"तो मूर्ख आहे म्हणूनच तर जोक आहे ना."

"मूर्ख नाही तो," किरण म्हणाला. "घाई करतो. एवढंच चुकतं त्याचं."

जाताना मला एक पुडी दिली. आत काकूंच्या घराचे फोटो, प्रिंट काढून आणलेले. देव्हारा, कडी, मोरी, गॅसची शेगडी. चित्राला उपयोगी पडतील म्हणून. किती गोड! मला आजवर कुणी असं काही दिलं नव्हतं.

धम्मपाल घाटकोपरला राहतो, तिथवर मेट्रोने एकत्रच आलो. उतरताना म्हणाला, "यार, तो माणूस एकदाही हसला नाही."

"हसला की."

"तुझ्याकडे बघून हसला. चित्राकडे बघून नाही."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भांडण झालं. किरणने सुचवलं होतं की महाभयंकर पाण्याचा कॉक बंद करतो, काकू साबण लावलेल्या डोळ्यांनी बाहेर येतात, शेजाऱ्यांना विचारतात, तर सगळ्यांकडे पाणी आहे. मग महाभयंकर गुपचूप कॉक उघडतो आणि काकूंना वाटतं आपणच नळ फिरवायला विसरलो. मला ग्रेट वाटलं. धम्मपालने लिहायला नकार दिला.

"ह्यात जोक कुठे आहे, सांग."

"शेवटी त्याच्या अंगावर टाकी फुटते ना."

"ती तू घातलीस. त्याने पाठवलंय त्यात नाहीये. त्याच्या कुठल्याच गोष्टीला शेवट नसतो, बघितलंस? म्हातारी घाबरते आणि संपतं."

मी म्हटलं, तुला फक्त राग आलाय की तुझ्यापेक्षा कुणीतरी चांगलं लिहितंय. बोलायला नको होतं. पण खरंही आहे. काकू आल्यापासून त्याचे जोक कुणी शेअर करत नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "लिही मग त्याच्याबरोबर." व्हॉइस नोट बंद.

आईने विचारलं, "तो पोरगो येना नाय तो आता?" मी सांगितलं की आता किरण लिहितात. "कोण गो तो किरण? तेका काय कामधंदो आसा की नाय?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

धम्मपालशिवाय काम जड जातंय. जोक कुठे तोडायचा हे त्याला कळायचं. मी चौकटी वाढवत जाते.

आज पहिल्यांदा एक खोडी मला स्वतःला सुचली. काकूंच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे, किरणच्या फोटोंत पाहिला होता. महाभयंकर दोन दिवसांआड सकाळी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतो. काकूंना वाटतं, हे रुसले. मग त्या फोटोची समजूत काढतात, त्याच्या आवडीचं जेवण करतात, आणि तेच जेवण शेवटी महाभयंकरला वाढतात!

किरणना लगेच लिहिलं. "फोटो भिंतीकडे करा. रोज नको, दोन दिवस सोडून. घाई करू नका." मेळाव्यातलं त्यांचंच म्हणणं त्यांना परत दिलं, गंमत म्हणून.

उत्तर आलं, "हे मला कधीच सुचलं नसतं. करून बघतो."

करून बघतो! म्हणजे ते पण काढून बघतात तर. कधी दाखवलं नाही बुवा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मी अजून कच्चं रेखाटनही संपवलं नाही, आणि किरणचा मेसेज. "जमलं. काकू रडल्या. जेवण वगैरे काही केलं नाही."

पात्रांबद्दल असं जिवंत माणसांसारखं बोलणारा लेखक मिळायला भाग्य लागतं. मी लिहिलं, "रडू द्या थोडं, मग हसू जास्त येईल."

पण तो भाग काढताना काकूंचा चेहरा काही केल्या जमेना. तीनदा खोडला. शेवटी पाठमोऱ्याच काढल्या.

५ मार्च, बुधवार

नवा फोटो आला. एक बाई भिंतीसमोर पाठमोरी उभी, फिक्या साडीत, अंबाडा सुटलेला. समोर उलटा केलेला फोटो. अगदी माझीच चौकट. किरणने घरातल्या कुणालातरी उभं केलं असणार. पोझ इतकी खरी आहे की मी पूर्ण भाग त्यावरून पुन्हा काढला. फक्त फोटो दाराच्या फटीतून घेतल्यासारखा का, कळलं नाही. कडेला काळी पट्टी आहे. ती कापून टाकली.

आता लोकांच्या कमेंट बदलल्यात. एकीने लिहिलंय, "हल्ली वाचून हसू येत नाही, पण थांबवतही नाही." कौतुक म्हणून घ्यावं का?

धम्मपालला दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला.

१३ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी किरणने फोटो पाठवला. तीच बाई, या वेळी तोंड दिसतंय. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जमिनीवर बसलेली, डाव्या हाताला पट्टी. कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. बघते आहे दाराकडे, जणू कुणी यायचं आहे.

मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"भाजलं. विसरतात ना हल्ली."

मग त्यांनी शेवट सांगितला. काकू गॅस चालू ठेवतात आणि विसरतात.

मी लिहिलं, "पण काकू कधीच काही विसरत नाहीत. तोच तर विनोद आहे."

"ते तुम्हाला आणि मला माहीत. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना आता पटलंय."

"चित्रातल्या बिल्डिंगमध्ये ना?"

त्यावर फक्त जोडलेले हात आले. आणि मग, "शनिवारी पहाटे मी गावाला निघतोय. त्याआधी काढून द्या. मी इथे नसताना भाग आलेला बरा."

मी त्या बाईच्या पट्टीकडे बघत बसले. मग जुने फोटो उघडले. कडी. चष्मा. उलटा फोटो. करून बघतो. जमलं. काकू रडल्या.

तो हे सगळं खरंच करत होता, आणि आता गॅसची पाळी होती. रिक्षात बसेपर्यंत मला माहीत नव्हतं मी कुठे निघालेय. घाटकोपरला धम्मपालच्या दारात उभी राहिले; नशीब, तो आज घरूनच काम करत होता. नुसता टॅबलेट पुढे केला. त्याने 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. फोटो मोठा करून त्या बाईच्या मागची खिडकी बघितली. डोंगरावर एकावर एक चढलेली रंगीत घरं, खाली मेट्रोचा पूल.

"हा असल्फ्याचा डोंगर आहे. पूल एवढा जवळ दिसतोय म्हणजे इथलीच जुनी बिल्डिंग. चल."

तिसऱ्या बिल्डिंगच्या वॉचमनला मी विचारलं, रत्नाकाकू इथे राहतात का? तो म्हणाला, "रत्नप्रभाताई? दुसरा माळा. पण त्या हल्ली कुणाला ओळखत नाहीत हां, पुतण्या सांगत होता."

दार साखळीवर उघडलं. काकूंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. डोळे बारीक करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. दुपारच्या फोटोतलाच चेहरा.

"काकू, माझं नाव श्वेता. तुम्हाला सांगायला आलेय की उद्या रात्री घरी थांबू नका. किरण..."

"श्वेता?" त्यांनी दार थोडं ओढून घेतलं. "ती चित्रंवाली?"

"हो, पण..."

"किरणने दाखवलंय मला सगळं मोबाइलवर. माझ्या चपला. माझं दूध. यांचा फोटोसुद्धा." आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं, आणि मी वाकले तशा त्या मागे सरकल्या. "मी काय वाकडं केलंय गं तुझं? कुठून बघतेस तू मला?"

मी काहीतरी बोलत होते. धम्मपालही बोलत होता. मग आतून किरणचा आवाज आला, शांत, मेळाव्यात होता तसाच.

"काकू, आत या. सांगितलं होतं ना मी, एक दिवस ती दारापर्यंत येईल म्हणून."

दार लागलं. आतून दोन कड्या घातल्याचा आवाज आला.

जिना उतरता उतरता मी फोन उघडला. किरणचे सगळे मेसेज गेले होते. त्याने एकेक करून काढून टाकले होते. उरले होते फक्त माझे.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ

काल लिहिता लिहिता थांबले होते. पोलीस चौकीचं राहिलं.

महिला हवालदार होत्या, जया मॅडम. त्यांनी माझा फोन घेऊन मोठ्याने वाचलं. "'फोटो भिंतीकडे करा. रोज नको.' 'घाई करू नका.' 'रडू द्या थोडं.' हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"कुणाला?"

"किरणना. त्याचे मेसेज होते मध्ये मध्ये."

"आता तर नाहीत."

"नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच भीती वाटली. एखाद्याने हे नुसतं वाचलं तर काय समजेल? एक मुलगी कुणालातरी सांगतेय, म्हातारीला कसं छळायचं. आणि मग तेच चित्रात काढून लोकांना दाखवतेय. आणि तसं नव्हतंच, असं तरी मी कुठे म्हणू शकते?

धम्मपाल म्हणाला, "मॅडम, तिच्यावर केस करायची तर करा. पण आधी कुणीतरी तिथे जा. शनिवारी पहाटे तो गावाला जाणार आहे."

मी टॅबलेट उघडला. किरणचे फोटो मी त्यात उतरवून ठेवले होते. जया मॅडमनी दाराच्या फटीतला फोटो बघितला, तो मी कापण्याआधीचा, काळ्या पट्टीसकट. मग जमिनीवर बसलेल्या काकूंचा.

"हा आतून काढलाय. तुम्ही कधी त्या घरात गेलात?"

"नाही."

"मग आत कोण असतं?" त्यांनी टोपी उचलली. "तुम्ही दोघं इथेच बसा. आणि हे सगळं लिहून द्या. तुमचं पण."

लिहून दिलं. माझं पण.

१६ मार्च, रविवार

जया मॅडमचा फोन आला होता. त्या गुरुवारी संध्याकाळीच शेजारच्या बाईंना घेऊन वर गेल्या. किरणने चहा विचारला. घर नीटनेटकं होतं. फक्त शेगडीच्या रबरी नळीची क्लिप नव्हती, आणि नळी टोकाला नुसती टेकवून ठेवलेली होती. तो म्हणाला, काकूंनीच काढली असेल, त्यांना आठवत नाही. काकू म्हणाल्या, हो, मलाच आठवत नसेल.

शेजारणीने मात्र कपाटातलं दुधाचं कार्ड, औषधांच्या वेळा, सगळं त्यांना तिथल्या तिथे विचारलं. काकूंनी एकही चूक केली नाही. दूधवाल्याचा मागच्या महिन्यातला खाडासुद्धा सांगितला. तेव्हा शेजारीण म्हणाली, "अहो मॅडम, ह्या बाईला काही झालेलं नाही. आम्हीच ह्याचं ऐकून यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलो होतो."

बोरीवलीच्या भाचीला, दीप्तीला, बोलावलंय. किरण तिला वर्षभर सांगत होता, काकू तुला ओळखणार नाहीत, येऊन त्रास नको देऊस. वृद्धाश्रमाचं बोलणंही त्याने करून ठेवलं होतं. मग ते सोडून गॅसपर्यंत का गेला, कुणालाच सांगता येत नाही. मला वाटतं, त्याला आवडायला लागलं होतं. कुणीतरी वाचत होतं ना.

किरणचं म्हणणं नोंदवून घेतलंय. अटक नाही, सध्या तो बाहेरच आहे. चौकशी चालू आहे म्हणतात.

मी सगळे भाग काढून टाकले. पण लोकांनी आधीच सगळीकडे पाठवलेत. आज एकाने विचारलं, "काकू परत कधी येणार?"

२३ मार्च, रविवार

आज दीप्ती काकूंना घेऊन गेली. मला जायचं नव्हतं. जया मॅडमनी जबाबावर एक सही राहिलीय म्हणून बोलावलं होतं, आणि त्या तिथेच होत्या, बिल्डिंगखाली.

मी आणि धम्मपाल फाटकाबाहेर उभे राहिलो. टॅक्सीत दोन बॅगा, एक कुकर, आणि साडीत गुंडाळलेली एक चौकट ठेवली. दीप्तीला सगळं माहीत आहे. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, रागाने नाही, पण बोललीही नाही. तिने काकूंनाही सांगून बघितलंय की त्या मुलीनेच चौकीत येऊन कळवलं. काकूंना ते पटत नाही. किरणला त्यांनी लहानपणापासून जेवू घातलंय. मला त्यांनी पाहिलं ते दाराच्या फटीतून.

काकू वॉचमनचा हात धरून पायऱ्या उतरल्या. नवा चष्मा होता. टॅक्सीत बसताना त्यांना मी दिसले आणि त्या तिथेच थांबल्या. दाराला धरलेला हात घट्ट झाला. मग त्यांनी जया मॅडमना जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"ह्या मुलीला नवा पत्ता देऊ नका हं."

जया मॅडम काहीतरी समजवायला लागल्या. "अहो आजी, ही तर..."

"नका देऊ," मी म्हणाले. मोठ्याने, काकूंना ऐकू जाईल असं. "मला कुणीही देऊ नका."

काकूंनी ऐकलं. मान हलवली, आत बसल्या, आणि काच वर केली.